रंगाचे विश्वस्त

आमच्याकडे फुटबॉलच्या आधी फुटबॉलची जर्सी पोचली. किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, नागपूरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावरचं गाव. खेळ म्हटला की इथं कबड्डी, नाहीतर सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात टेनिस बॉलचं क्रिकेट. पण मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा राहून गंजीतलं सोयाबीन आत लोटणाऱ्या पोराच्या अंगात हमखास बार्सिलोनाची जर्सी दिसते. कापड पातळ पॉलिस्टरचं. पाठीवरचा १० चा आकडा धुऊन धुऊन तडकलेला, ‘मेस्सी’तली दोन अक्षरं कधीच निघून गेलेली. छातीवर कतारच्या विमान कंपनीचं नाव, आणि त्यावर कुटाराची धूळ. मेस्सीने तो क्लब २०२१ मध्ये सोडला, त्या विमान कंपनीचा करार त्याच्याही आधी संपला. वावरातली जर्सी मात्र अजून कामावर आहे.

त्या पोराने सामना पाहिलेला असतो किंवा नसतो. जर्सी स्वस्त असते, घाम लवकर वाळतो, रंग नजरेत भरतो, म्हणून ती घेतलेली असते. यात गैर काही नाही. पण ती पाहिली की फुटबॉलवर जीव असलेल्या माणसाला एक प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. ही जर्सी नक्की कोणाची? विकणाऱ्याची, क्लबाच्या मालकाची, ती घालून मैदानात उतरणाऱ्या खेळाडूची, की संघ हरल्यावरही दुसऱ्या दिवशी तीच घालून घराबाहेर पडणाऱ्या चाहत्याची? क्लब चढतात, पडतात, विकले जातात, बंद होतात. गेल्या पंधरा वर्षांत हे सगळं आपल्या महाराष्ट्राने आणि गोव्याने पाहिलं आहे. त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. क्लब कागदावर मालकाचा असतो. त्याचा रंग मात्र चाहत्यांकडे विश्वासाने सोपवलेली ठेव असते, आणि ती सांभाळायचा अधिकार त्यांना मिळाला नाही तर क्लब टिकत नाही.

जर्सी आणि नशीब यांचं नातं माणसाने फार पूर्वीच जोडलं आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकान्यावर ब्राझील उरुग्वेकडून २–१ असा हरला. ब्राझीलची जर्सी तेव्हा पांढरी होती. बरोबरी झाली असती तरी जगज्जेतेपद मिळत होतं, इतकं ते हाताशी आलेलं. देश सुतकात गेला आणि खापर दोघांवर फुटलं. एक पांढरी जर्सी, दुसरा गोलरक्षक बार्बोसा. जर्सी बदलणं सोपं होतं. एका वर्तमानपत्राने स्पर्धा जाहीर केली, राष्ट्रध्वजातले चारही रंग नव्या पोशाखात हवेत अशी अट घातली, आणि उरुग्वेच्या सीमेवरच्या गावात वाढलेल्या, विशीही न गाठलेल्या आल्दिर श्लीचं चित्र निवडलं गेलं. पिवळी जर्सी, हिरवी किनार, निळी चड्डी, पांढरे मोजे. १९५४ पासून ब्राझील तो पोशाख घालू लागला. १९५८ च्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनही पिवळ्यातलाच, म्हणून ब्राझीलला ऐन वेळी निळ्या जर्सी आणाव्या लागल्या. खेळाडू धास्तावले, तेव्हा संघाच्या प्रमुखाने त्यांना सांगितलं की हा निळा रंग आपल्या आपारेसिदा मातेच्या वस्त्राचा आहे. संघ ५–२ असा जिंकला.

ही हकीकत बहुतेक वेळा श्रद्धेच्या गमतीसाठी सांगितली जाते. मला तिच्यात बार्बोसा दिसतो. पांढऱ्या जर्सीची शिक्षा चार वर्षांत संपली; बार्बोसाची २००० साली तो वारला तेव्हा संपली. पराभवाचं कारण शोधताना आपण आधी कापडाकडे पाहतो, मग एखाद्या माणसाकडे. व्यवस्थेकडे सगळ्यात शेवटी पाहतो, आणि पुष्कळदा पाहतच नाही. चाहता म्हणून क्लबाच्या नशिबाबद्दल बोलायचं तर ही सवय आधी मोडावी लागते. ‘यंदा ग्रह फिरले’ असं म्हणून भागत नाही. ग्रह फिरण्याआधी पैशाची, नियमांची आणि निर्णयांची चाकं फिरलेली असतात.

महाराष्ट्राचा हिशेब मांडून पाहू. मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ १९६२ चा. पुढे तो ‘महिंद्रा युनायटेड’ झाला. जीप बनवणाऱ्या कंपनीचा म्हणून लोक त्याला ‘जीपमेन’ म्हणत. २००५–०६ मध्ये डेरिक परेराच्या हाताखाली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने तो बंद केला. पुण्यात २००७ साली उभा राहिलेला पुणे एफसी राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमध्ये २०१२–१३ साली दुसरा आला आणि २०१५ मध्ये मिटला. भारत एफसी एकच हंगाम जगला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला, डीएसके शिवाजीयन्सने त्याच वर्षी लीग सोडली. एफसी पुणे सिटीचा केशरी रंग २०१९ मध्ये उतरला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला, तो २०२१–२२ मध्ये विजेता झाला, आणि २०२५ मध्ये त्याचंही बिऱ्हाड दिल्लीला हललं, नावासकट. यातला एकही क्लब केवळ वाईट खेळून मेला नाही. प्रत्येकाच्या मागे एक खिसा होता, आणि तो खिसा मिटला तेव्हा क्लब मिटला. पुण्यात आठ वर्षं एका रंगाला टाळ्या देणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही की बाबा, तुझं काय?

उद्योगपतींना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. ते मला पटत नाही. महिंद्रांनी जवळपास पन्नास वर्षं संघ चालवला. मुंबईतल्या कितीतरी मुलांना फुटबॉलच्या जोरावर नोकरी मिळाली, घर उभं राहिलं. टाटा, मफतलाल, एअर इंडिया, रेल्वे यांच्या संघांनी कूपरेजला अनेक दशकं खेळ जिवंत ठेवला. खेळाडूला पगार आणि पेन्शन देणारी ती व्यवस्था आजच्या करारांपेक्षा पुष्कळ माणुसकीची होती. तिच्यात उणीव एकच राहिली. प्रेक्षकाला तिच्यात जागा नव्हती. संघ कंपनीच्या क्रीडाविभागाचं एक खातं होता, आणि खातं बंद करायला सभासदांची सभा बोलवावी लागत नाही.

गोव्याची कथा याहून चटका लावणारी आहे, कारण तिथं प्रेक्षक होता. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावं गोव्यात घराघरातली. २००४–०५ ते २०११–१२ या आठ हंगामांत धेंपो पाच वेळा देशाचा विजेता झाला. त्या काळात दुसऱ्या कोणत्याही भारतीय क्लबाला हे जमलं नाही. २००८ मध्ये तो एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांचा पैसा लोहखनिजाच्या धंद्यात वाढलेला. धेंपोंनी २००९ मध्ये खाण कंपनी विकली. २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकामच थांबलं. खनिजाच्या बाजाराचा आणि चेंडूचा संबंध इतका जवळचा असतो, हे मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर ओरडणाऱ्या माणसाच्या मनातही आलं नसेल.

तरी त्या क्लबांना खरा धक्का दुसरीकडून बसला. डिसेंबर २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, आयएमजी-रिलायन्सला दिले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली. आठ शहरं, आठ नवे संघ, आठ नवे रंग. जुने क्लब जिथं होते तिथंच राहिले, फक्त त्यांच्या पायाखालची पायरी काढून घेतली गेली. वरच्या लीगमध्ये जायला गुणांची वाट उरणार नाही हे दिसल्यावर २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली.

आणि इथं फुटबॉलने जे करून दाखवलं ते कोणत्याही हिशेबनिसाच्या वहीत बसणारं नाही. मिझोरमचा ऐझॉल एफसी त्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे क्लब गेल्याने जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत घेण्यात आलं. मुंबई एफसीने बरीच वर्षं आपल्याकडे असलेला प्रशिक्षक खालिद जमील याला सोडलं होतं; तो ऐझॉलला गेला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १–१ अशी बरोबरी साधून ऐझॉल देशाचा विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला आणि कायमचा संपला. जो घसरला होता तो शिखरावर, ज्याने आपला माणूस सोडला तो जमिनीखाली. २०२५ मध्ये हाच खालिद जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला.

ऐझॉलचा विजय मला चमत्कार वाटत नाही. त्याच्या मागे अख्खं शहर होतं, गल्लीगल्लीत खेळणारी मुलं होती, आणि घसरल्यावरही मैदानाकडे पाठ न फिरवणारे लोक होते. पैसा कमी असलेल्या क्लबाला नशीब एखादवेळी दार उघडून देतं. त्या दारातून आत शिरायला मागे माणसं लागतात. ती ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी उघडं दारही भिंतच.

रंगाच्या बाबतीत चाहत्यांनी लढून जिंकल्याची उदाहरणंही आहेत. वेल्समधल्या कार्डिफ सिटीचा रंग पिढ्यान्‌पिढ्या निळा. २०१२ मध्ये मालकाने तो लाल केला. लाल शुभ आहे आणि आशियात खपेल, असा त्यामागचा विचार. संघ लाल जर्सीत वरच्या लीगमध्ये गेलासुद्धा, तरी लोकांनी निळा सोडला नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये मालकाला तो परत आणावा लागला. या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं म्हणजे लाल रंग अपयशी ठरला नव्हता. लोकांनी यश हातात असताना ते नाकारलं. विंबल्डनचा क्लब २००२ मध्ये दूरच्या शहरात न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून चढत २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये आणला.

आपल्याकडे हे मोहन बागानच्या बाबतीत घडलं. १९११ च्या २९ जुलैला ज्यांच्या अकरापैकी दहा जणांनी अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असं हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली, तोच हा क्लब. २०२० मध्ये तो एटीके या आयएसएलमधल्या संघाबरोबर जोडला गेला आणि त्याच्या नावाआधी तीन अक्षरं चिकटली. जर्सीचा हिरवा-तांबूस रंग राहिला, तरी चाहत्यांना ती अक्षरं बोचत राहिली. त्यांनी फलक धरले, घोषणा दिल्या, काही जण मैदानाकडे फिरकेनासे झाले. मार्च २०२३ मध्ये फातोर्ड्यावर संघ आयएसएलचा विजेता झाला आणि त्याच रात्री मालकाने ती अक्षरं काढण्याची घोषणा केली. जेतेपदाहून मोठी बातमी ती होती.

मग आपल्या मुलुखात असं काय आहे, जे मिटलं नाही? त्याचं उत्तर कोल्हापूर. कुस्तीच्या तालमींच्या या शहरात फुटबॉल रुजला तो पेठांच्या आधाराने. राजाराम महाराजांच्या काळात, १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिला सगळे ‘केएसए’ म्हणून ओळखतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. ही नावं ज्या गल्लीची आहेत ती गल्ली उठून दुसऱ्या शहरात जाऊ शकत नाही. शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाचे १६ संघ लीग खेळतात, गॅलरी भरते, आणि पेठेतला म्हातारा नातवाला सोबत घेऊन येतो. तालमीतच गणपती बसतो, तिथंच पुराच्या वेळी जेवण शिजतं, आणि तिथंच फुटबॉलचे बूट ठेवलेले असतात. संघाचा खर्च वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून, पुढाऱ्यांकडून निघतो. एखादा देणगीदार हटला तर दुसरा उभा राहतो, कारण मागायला जाणारी माणसं तीच असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

कोल्हापूरचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. पेठेचा अभिमान पुष्कळदा गॅलरीतून खाली उतरतो, हाणामारीवर जातो, सामने थांबवावे लागतात. पुढारी पैशाबरोबर आपला फलकही आणतात. जिंकण्याच्या घाईत काही संघ परदेशी खेळाडू आणतात आणि पेठेतलं पोरगं बाकावर बसतं. जिवंत वस्तूला रोग होतात, आणि त्यावर उपाय करावे लागतात. पण पुण्या-मुंबईतले एवढे क्लब मिटत गेले त्या सगळ्या वर्षांत कोल्हापूरच्या तालमी खेळतच राहिल्या, ही गोष्ट मला सगळ्या विजेतेपदांहून मोठी वाटते.

आमच्या तालुक्यातून दरवर्षी आषाढी वारीसाठी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. मेडशी, शिरपूर, रिसोड हा तिचा मार्ग. पांढऱ्या पोशाखातले वारकरी, खांद्यावर पताका. पताका धरणारा हात दरसाल तोच असतो असं नाही. कोणी थकतो, कोणी देवाघरी जातो, पताका पुढच्याच्या खांद्यावर जाते, आणि ‘ही माझी’ असं म्हणायचा अधिकार कोणालाच नसतो. तरी ती टाकून देण्याची मुभाही कोणाला नसते. क्लबाच्या रंगाकडे मी याच नजरेने पाहतो. मालक, प्रशिक्षक, कर्णधार आणि चाहता, सगळ्यांचा खांदा काही काळापुरता. ज्याला हे उमगलं तो रंगाशी खेळत नाही.

म्हणून माझी मतं स्पष्ट आहेत. क्लबाचं नाव, चिन्ह आणि मुख्य रंग या तीन गोष्टी सभासदांच्या संमतीशिवाय बदलता येऊ नयेत, आणि ही अट लीगच्या परवान्यातच असावी. जर्मनीत बहुतेक क्लबांची निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. तिथली मैदानं भरलेली असतात आणि तिकिटं साध्या माणसाला परवडतात. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना, सूतगिरणी, पतसंस्था भागधारकांनी उभी केल्याची परंपरा आहे. फुटबॉल क्लब भागधारकांचा का असू नये? प्रायोजकाचं नाव जर्सीवर जरूर असावं, कारण पैसा लागतो. पण ते क्लबाच्या नावाआधी नसावं. बार्सिलोनाने २००६ पर्यंत छातीवर कोणाचंच नाव घेतलं नाही, आणि पहिलं घेतलं ते युनिसेफचं, तेही स्वतः देणगी देऊन. पुढे त्यांनाही पैशापुढे वाकावं लागलं. म्हणजे हा मोह थोर क्लबांनाही आवरत नाही. म्हणूनच तो नियमाने बांधावा लागतो.

दरवर्षी नवी जर्सी काढण्याची रीतही मला खटकते. पोराने आठ महिने पैसे साठवून घेतलेली जर्सी पुढच्या ऑगस्टात जुनी ठरते. जर्सी दोन-तीन हंगाम तरी तीच राहिली पाहिजे. कोणत्या पावसात ती भिजली, कोणत्या पराभवानंतर ती घालून कॉलेजला गेलो, अशा आठवणी तिच्यावर बसायला वेळ लागतो. कोरं कापड कोणीही विकत घेऊ शकतो. जर्सी घडते ती वापरातून.

२०२५ मध्ये आयएसएलचाही हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही, कारण पंधरा वर्षांचा तो करार संपत आला होता आणि पुढचा ठरत नव्हता. वरून लादलेली इमारत किती पोकळ होती हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याच सुमारास धेंपो मात्र परतला होता. खालच्या श्रेणीतून खेळत येऊन २०२४–२५ मध्ये तो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. बरीच वर्षं राष्ट्रीय मंचावर नसलेलं नाव गोव्याच्या स्थानिक मैदानांवर जगत राहिलं होतं. राजधानीत हरवलेला खेळ गावात सापडतो, याचा हा पुरावा.

आपल्या विदर्भाकडेही असा एक पुरावा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं दिसली. २००१ साली त्यांनी त्या मुलांच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ची मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचली. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला. त्या पोरांकडे सुरुवातीला जर्सी नव्हती, बूट नव्हते, चेंडूसुद्धा नव्हता. खेळायला समोर दुसरी पोरं होती आणि उद्या पुन्हा खेळायचं हे ठरलेलं होतं. क्लबाची सुरुवात एवढ्याने होते.

म्हणून किन्हीराजासारख्या गावाने क्लब काढायचा तर आधी जर्सी शिवायला टाकू नये, देणगीदारही शोधू नये. जऊळक्याशी किंवा मेडशीशी दरवर्षी एक सामना ठरवावा, पीक निघाल्यावर, आणि काही झालं तरी तो चुकवू नये. दहा वर्षं तो झाला की कोणत्या गावाचा कोणता रंग हे सांगावं लागणार नाही. मग जर्सी शिवावी, आणि शिवल्यावर ती बदलण्याचा अधिकार सरपंचाला, आमदाराला किंवा पैसे देणाऱ्याला न देता गावाच्या सभेकडे ठेवावा. मेस्सीची जर्सी घातलेल्या पोराला तेव्हा निवड करायला मिळेल, आणि मला खात्री आहे, तो आपल्या गावचा रंग निवडेल.